पाचव्या दाबानंतरचा थांबा

आखाजीला अकरा दिवस उरले होते, आणि वेबसाइटच्या पहिल्याच पानावर सिंधूबाईंचं कपाळ गायब होतं.

"भुवयांच्या वर काहीच नाही," त्या फोन नाकाजवळ नेत म्हणाल्या. "लोक म्हणतील, अमळनेरची बिनडोक बाई."

"फोनवर उघडलं की फोटो वरून कापला जातो, आई. करते नीट," रेवती म्हणाली.

"आणि हे 'आमच्याविषयी' एवढं लांबलचक कशाला? आम्ही सव्वीस जणी आहोत, अमळनेरच्या आहोत, आम्हाला पोळ्या येतात. झालं की."

रेवती त्यांची एकुलती एक लेक. पुण्यातली मोठी नोकरी सोडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर गावी परतली आणि सव्वीस बायकांना जमवून तिने 'हातगुण' नावाचा गट उभा केला. त्याची वेबसाइट आखाजीच्या सकाळी सुरू व्हायची होती. मुहूर्त सिंधूबाईंनीच सुचवला होता. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरींनी माहेरी यावं, कडुलिंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणावीत, आंब्याचा रस आणि पुरणपोळी खावी. आता निम्म्या पोरी सातासमुद्रापार होत्या. त्या येऊ शकत नसतील, तर निदान माहेरचा हात त्यांच्यापर्यंत जावा, एवढाच या वेबसाइटचा खटाटोप होता.

हात जावा, हे मात्र अगदी शब्दशः.

सिंधूबाईंच्या लहानपणी आवाज टेपमध्ये पकडता यायचा. त्यांच्या वडिलांनी कुठूनसा आणलेला टेपरेकॉर्डर अंगणात ठेवला, तेव्हा गल्लीतली माणसं त्याच्यासमोर नुसतं खोकून बघायची. आवाज पकडता आला, चेहरा पकडता आला, हात मात्र निसटत राहिला. 'पीठ मऊ मळा' असं कितीही लिहा, मऊ म्हणजे किती, ते कागदावर उतरत नाही. ते उतरवलं कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ हातमोज्यांनी. या मोज्यांत केसाहून बारीक धागे विणलेले असतात. तळव्याचा कोणता भाग पिठावर किती जोराने टेकला, किती वेळ टेकला, कोणत्या दिशेला सरकला, हे ते धागे एका सेकंदात हजार वेळा टिपतात. बाई बसते त्या सतरंजीतही तसेच धागे असतात, म्हणजे अंगाचा भारही कळतो, आणि यंत्र त्याप्रमाणे परात कलवतं. ही झाली हाताची नोंद. ती घरोघरच्या तिंबणयंत्राला दिली, की यंत्राचे दोन मऊ रबरी तळवे परातीत उतरतात आणि हुबेहूब त्या बाईसारखी कणीक तिंबतात. पुढे लाटायचं आणि भाजायचं ज्याचं त्याने.

खापरावरचा मांडा, म्हणजे खानदेशची भलीमोठी पुरणपोळी, हातावर फिरवून मोठा करणाऱ्या सिंधूबाईंना हे लाटण्याचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. "लाटण्याने मांडा करायचा, तर मग चमच्याने भाकरी खा," असं त्यांनी वेबसाइटवर लिहायला सांगितलं होतं. रेवतीने ते लिहिलं नाही.

वेबसाइटवर प्रत्येक बाईचं एक पान होतं. वर फोटो, खाली नाव, त्याखाली पदार्थ, आणि मग एक चौकट: 'शिकवण'. हा हात कुणाकडून आला, ते तिथं लिहायचं. सिंधूबाईंनी लिहिलं होतं: 'माझी आई, कै. धोंडूबाई.'

आखाजीला पाच दिवस असताना नोंदणी केंद्राचं पत्र आलं.

हे केंद्र सरकारने मुद्दाम काढलं होतं. सुरुवातीला काही लोकांनी एकीचा हात घेऊन तो दहा नावांनी विकला, तेव्हापासून प्रत्येक नवी वेबसाइट सुरू होण्याआधी तिच्यावरचे हात केंद्रात एकमेकांशी ताडून पाहिले जात. जुळणीत गावोगावच्या गमती उघड्या पडत. 'हातगुण'मध्येच शेवंताबाईंनी सासूला जन्मभर नावं ठेवली होती आणि त्यांच्या पापडाचा हात सासूच्या वहिनीशी, म्हणजे सासूच्याच माहेरच्या हाताशी, ऐंशी टक्के जुळला होता. तेव्हापासून त्या सासूच्या फोटोकडे पाठ करून बसत.

रेवतीने पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ती म्हणाली, "आई, तुझा हात आणि दुसरा एक हात शहाण्णव टक्के जुळतोय. पंचाण्णवच्या वर गेलं, की दोन्ही लावता येत नाहीत."

"दुसरा कुणाचा?"

रेवतीने पत्राची घडी घातली. "मोठीमायचा. दोन आठवड्यांपूर्वी मी तिकडे जाऊन नोंद करून आले. तुला सांगणार होते."

सिंधूबाई फोन उपडा ठेवून उठल्या आणि उगाचच माठातलं पाणी तांब्यात ओतू लागल्या.

मोठीमाय म्हणजे द्वारकाबाई, सिंधूबाईंची मोठी जाऊ. नदीपलीकडे पैलाडला राहायच्या, ऐंशी वर्षांच्या. त्यांच्यात आणि सिंधूबाईंत छत्तीस वर्षं बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. लग्नाकार्यात भेटायच्या, एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या, पण बोलायचं ते तिसऱ्या माणसाला मध्ये घालून. "सिंधूला वाढा गं," असं द्वारकाबाई वाढणारीला सांगायच्या. "अक्कांना म्हणावं, पुरे," असं सिंधूबाई त्याच वाढणारीला सांगायच्या.

"आता काय होणार?" सिंधूबाईंनी माठाकडे बघतच विचारलं.

"ज्याची नोंद आधीची, तो हात राहतो. तुझी माघातली आहे. तू काहीच केलं नाहीस, तर आखाजीच्या आदल्या दिवशी चार वाजता मोठीमायचं पान आपोआप निघून जाईल. दोघींची ठेवायची असतील, तर एकीने शिकवणीच्या चौकटीत दुसरीचं नाव लिहावं लागतं. मग केंद्र दोन्ही मान्य करतं. शिकवणारीचं पान वर, शिकणारीचं खाली."

"मला आईने शिकवलं."

"बरं," रेवती म्हणाली. तिच्या त्या 'बरं'मध्ये काहीही नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं.

सिंधूबाईंची स्मरणशक्ती सगळ्या गल्लीला ठाऊक होती. कुणाचं लग्न कोणत्या वर्षी झालं, पंगतीत कोणती भाजी होती, बोरी नदीला पूर आला तेव्हा कुणाची म्हैस वाहत गेली, सगळं लोक त्यांनाच विचारायला येत. मग त्यांना महिला मंडळाच्या स्पर्धेची ती संध्याकाळ कशी आठवणार नव्हती? रेवती आठवीत होती. पुरणपोळीत सिंधूबाईंचा पहिला नंबर आला. कुणीतरी हातात माईक दिला आणि विचारलं, ही कला कुणाकडून घेतली? त्यांची आई माघात गेली होती, जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. तोंडातून गेलं, "माझ्या आईकडून." ते शब्द सभागृहात घुमले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या द्वारकाबाई उठल्या आणि बाहेर गेल्या.

आई भाकरी चांगली करायची. आईची पुरणपोळी फाटायची. हेही सिंधूबाईंना आठवत होतं. फक्त हे आठवलं, की त्या चटकन दुसरं काहीतरी आठवायच्या.

दुसऱ्या दिवशी रेवतीने त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर दोन रेषा होत्या, एकीखाली एक, डोंगर आणि दऱ्या.

"ही वरची मोठीमाय, ही खालची तू. प्रत्येक डोंगर म्हणजे पिठावरचा एक दाब. मोज बरं."

सिंधूबाईंनी बोट लावून मोजलं. पाच डोंगर, मग सपाट. पाच डोंगर, मग सपाट. दोन्ही रेषांत.

"पाच दाब झाले की तुम्ही दोघी दीड सेकंद थांबता. डावा हात पिठावर नुसता ठेवता आणि अंग उजवीकडे किंचित कलतं. संगणकाला वाटलं, ही वाया गेलेली वेळ. त्याने हे थांबे काढून टाकायचं सुचवलं. मी काल काढून पाहिले. पोळ्या फाटल्या."

"फाटणारच."

"का, ते शोधलं मी. पीठ मळताना त्यात चिकट धाग्यांचं जाळं तयार होतं. सारखं दाबत राहिलं, की जाळं ताणून कडक होतं. तुमच्या त्या थांब्यात ते धागे जरा सैल पडतात, पाणी आत मुरतं. असे दोनतीनशे थांबे झाले, की पोळी रेशमासारखी ताणते. मोठीमाय धरून सत्तावीस जणींत हा थांबा फक्त तुम्हा दोघींकडे आहे. हा कशासाठी, आई?"

"कशासाठी म्हणजे? हात थांबतो."

"आणि कलतेस का?"

सिंधूबाईंनी परात नसतानाही हवेत पाच दाब दिले आणि थांबल्या. अंग उजवीकडे कललं. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा कललं. पन्नास वर्षं त्या असं करत आल्या होत्या आणि त्यांना हे माहीतच नव्हतं. ज्या बाईला म्हशीसुद्धा नावानिशी आठवत, तिला स्वतःचं हे कलणं आठवत नव्हतं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून गल्लीत कुणी फारसं ऐकलं नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या एकट्याच रिक्षात बसल्या. रेवतीला सांगितलं, देवळात जाते. रेवतीने घड्याळ पाहिलं, दीड वाजला होता. भर उन्हात कोणतं देऊळ, हे तिने विचारलं नाही.

द्वारकाबाई ओट्यावर छपराच्या सावलीत बसल्या होत्या. समोर उन्हात खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घातलेल्या, आणि कावळे हाकायला हातात काठी. घरात दुसरं कुणी नव्हतं. रिक्षातून उतरणाऱ्या जावेकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग बोलायला तिसरं माणूस शोधत त्यांची नजर इकडेतिकडे फिरली, आणि भिंतीवर बसलेल्या कावळ्यावर थांबली.

"पाहुणीला सांग रे," त्या कावळ्याला म्हणाल्या, "सावलीत ये म्हणावं. ऊन लागेल."

सिंधूबाई ओट्याच्या पायरीवर टेकल्या. "अक्कांना सांग," त्याही कावळ्यालाच म्हणाल्या, "मी बसायला नाही आले. एक विचारायचंय."

"विचार म्हणावं."

"पाच दाब झाले की थांबायच्या कशाला?"

कावळा उडून गेला. आता मध्ये कुणीच उरलं नाही.

द्वारकाबाईंनी काठी खाली ठेवली. "तो थांबा होय," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. "ते तू अजून करतेस?"

"यंत्रात आलंय. तुमच्याही, माझ्याही. रेवा विचारते, कशासाठी."

"तिला सांग, तुझ्यासाठीच." त्यांनी लुगड्याची कड सारून उजवा पाय पुढे केला. "रेवा दोन महिन्यांची असताना तुला मुदतीचा ताप आला होता. आठवतं?"

"एकवीस दिवसांचा. फाल्गुनात."

"तुला आठवणारच. तू उठून बसायला लागलीस, तेव्हा मी तुला समोर बसवून कणीक तिंबायला शिकवलं. पाळणा मधल्या खोलीत. आणि सासूबाईंनी मला काय सांगितलं होतं, तेही तुला आठवत असेल."

सिंधूबाईंनी मान खाली घातली. आठवत होतं. ज्या बाईला लेकरू नाही, तिने पाळण्याला हात लावायचा नाही. सासूबाई हे सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, आणि सिंधूबाई भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या.

"मी हात नाहीच लावला," द्वारकाबाई म्हणाल्या. "परकराची जुनी नाडी पाळण्याला बांधली, दाराच्या फटीतून इकडे घेतली, आणि या अंगठ्याला गाठ मारली. वरून लुगडं. पाच दाब दिले, की एकदा ओढायची. हाताला मनाई होती, पायाचं कुठं काही बोलल्या होत्या त्या."

त्या दिवसांत सिंधूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, माझी रेवा भारी गुणी, रडत नाही, आपली आपण झोपते. आणि समोर बसून, जाऊ करते तसंच करायचं म्हणून, पाच दाब देऊन थांबायच्या, उजवीकडे कलायच्या. त्यांच्या पायाला दोरी नव्हती. त्यांनी नुसतं कलणं उचललं होतं.

"मला वाटलं, तशीच रीत असते," त्या शेवटी म्हणाल्या.

"मलाही मागाहून वाटायला लागलं. रेवा मोठी झाली, तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत, पाळणा माळ्यावर गेला. पाय काही थांबेना." द्वारकाबाईंनी एक बिबडी उलटली. "पोळी चांगली होते म्हणतेस ना? मग असू दे."

"अक्का, त्या दिवशी माईकवर मी..."

"तुझी आई गेली होती. तू तिचं नाव घेतलंस. मी असते तर मीही घेतलं असतं."

"मग तुम्ही उठून का गेलात?"

"रडू आलं म्हणून. बाहेर नळावर तोंड धुतलं. म्हटलं, सिंधू मागोमाग येईल. तू आली नाहीस, तर म्हटलं, उद्या येईल."

"मी म्हटलं, तुम्ही रागावलात. राग उतरला की बोलाल."

"छत्तीस वर्षं?"

"तुम्ही तरी छत्तीस वर्षं उद्याच म्हणत होतात की."

द्वारकाबाईंनी सिंधूबाईंकडे पाहिलं. मग काठी त्यांच्या हातात दिली. "कावळे बघ. चहा ठेवते."

"चहा नको. किती वाजले? चार वाजता तुमचं पान जाईल."

"कुठं जाईल?"

"वेबसाइटवरून. मला घरी जाऊन लिहायचंय."

"लिहिशील गं. पाच मिनिटांचा चहा आहे. आणि जाताना बिबड्या ने रेवाला. मागच्या खेपेला विसरली."

रिक्षावाल्याने त्या दिवशी पुलावर तीनदा शिव्या खाल्ल्या, हळू चालवतो म्हणून. सिंधूबाई घरात शिरल्या तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. चप्पल न काढताच त्या संगणकासमोर बसल्या. "सरक. मी लिहिते."

त्या एका बोटाने लिहीत होत्या, म्हणून वेळ लागला. आईचं नाव पुसताना बोट थोडं अडलं. मग त्यांनी त्याच चौकटीत लिहिलं: 'द्वारकाबाई बाविस्कर, माझी मोठी जाऊ. भाकरी आईची.'

"भाकरी कशाला? हे पान पुरणपोळीचं आहे," रेवती म्हणाली.

"असू दे. खरं आहे."

पंधरा मिनिटं राहिली असताना केंद्राचं उत्तर आलं. दोन्ही हात मान्य, शिकवणारीचं पान वर. मात्र एक चौकट रिकामी होती. नोंदीत नेहमीचा थांबा असेल, तर त्याचं कारण द्यावं, नाहीतर पुढे कुणीही तो वाया गेलेला वेळ समजून कापू शकेल.

"काय लिहू?" रेवतीने विचारलं.

सिंधूबाईंनी तिला ओट्यावरची सगळी हकिकत सांगितली. नाडी, दाराची फट, अंगठा. सांगून झाल्यावर रेवतीने पहिल्या पानावर जाऊन आईच्या फोटोतलं कपाळ पुन्हा एकदा नीट केलं. ते चार दिवसांपूर्वीच नीट झालेलं होतं. नाक ओढून ती परत आली आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं: 'पाळण्यातलं बाळ झोपावं म्हणून.'

"केंद्र मानेल का हे?"

"न मानून सांगतंय कुणाला," सिंधूबाई म्हणाल्या.

केंद्राने मानलं.

आखाजीच्या सकाळी रेवतीच्या पुढच्या खोलीत सव्वीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. शेवंताबाईंनी सासूचा फोटो आणला होता, आणि या वेळी तो सरळ धरला होता. द्वारकाबाई नदी ओलांडून आल्या. त्यांना खुर्ची दिली, तर त्या म्हणाल्या, "मला खाली बरं," आणि तिंबणयंत्रासमोर सतरंजीवर बसल्या. सिंधूबाई त्यांच्या समोर, पूर्वी बसायच्या तशा.

"सिंधूला म्हणावं, बटण दाब," द्वारकाबाई सवयीने शेजारणीला म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या. "सिंधू, दाब."

"तुम्ही दाबा. तुमचं पान वर आहे."

दोघींची बोटं एकमेकींना ढकलत राहिली तेव्हा रेवतीनेच बटण दाबलं. वेबसाइट सुरू झाली. थोडा वेळ काहीच घडलं नाही, आणि सगळ्या जणी पडद्याकडे अशा बघत होत्या, जशा लेकीच्या वाटेकडे बघतात. मग पहिली मागणी आली. हॅमिल्टन नावाच्या गावाहून, वर्षा नावाच्या बाईची. माहेर पारोळा. तिने सगळ्यांत वरचा हात निवडला होता.

"तिच्या घरी यंत्र सुरू झालं असेल आता," रेवती म्हणाली आणि तिने समोरच्या यंत्रालाही तोच हात दिला.

रबरी तळवे परातीत उतरले. एक दाब, दुसरा, तिसरा. चौथा. पाचवा. यंत्र थांबलं. डावा तळवा पिठावर नुसता टेकून राहिला, आणि परात उजवीकडे किंचित कलली.

त्या दीड सेकंदात समोर बसलेल्या द्वारकाबाईंच्या लुगड्याच्या कडेखाली उजव्या पायाचा अंगठा हलला. मागे रेवती उभी होती. सिंधूबाईंना या वेळी तो अंगठा दिसला.